तासाचा तास

बोरा बाजारच्या गल्लीत मुस्तनसिरभाईंनी काउंटरवर
दोन कॅमेरे ठेवले शेजारी शेजारी,
स्थळं दाखवावीत तसे.
डावा टेपचा. झाकण उघडताना कण्हतो,
टेप गिळतो, मग पोटात बराच वेळ काहीतरी जुळवत राहतो.
उजवा कार्डाचा. आवाजच नाही.
इतका हलका की मला वाटलं, नुसता सांगाडा दाखवतायत.

“टेपवाला घेऊ नकोस, सावे,” ते म्हणाले,
“पुढल्या दिवाळीला टेपच मिळणार नाही.
मग ह्यात काय, पापड ठेवशील?”

बरोबर आहे त्यांचं.
नेहरूनगरच्या खोलीत माझं कपाटभर टेपा आहेत,
चारशे तेरा,
पाठीवर स्केचपेननं आडनावं: तांडेल–म्हसकर, गव्हाणकर–रेगे,
एकीवर नुसतं ‘मुंज, पाऊस, पैसे बाकी’.
कुर्ल्याची दमट हवा त्यांच्यात शिरते.
डांबरगोळ्या, तांदळाची पुरचुंडी, साठ वॉटचा बल्ब,
सगळं करून झालं.
बुरशी आमंत्रणाशिवाय येते
आणि पहिल्या पंगतीला बसते.

कार्डाला बुरशी नाही.
संगणकात घातलं की आठ मिनिटांत लग्न उतरतं,
तोवर चहाही होत नाही.
टेपेला तासाचा तास लागतो.
तीन टेपांचं लग्न म्हणजे तीन तास
वायर जोडून बसायचं,
हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं परत.
माझ्या घरात प्रत्येक लग्न दोनदा लागलं.
दुसऱ्यांदा माझे हात मोकळे असायचे, म्हणून दिसायचं:
नवरीचा मामा मागच्या खुर्चीत बूट काढून पाय चोळतोय,
कॅटररचा पोरगा वरणाच्या बादलीतून
अक्षता वेचून काढतोय, एकेक.
बायको मेथी निवडता निवडता म्हणायची,
“ही सुखात नाही राहायची.”
दोनदा ते खरं ठरलं. एकदा साफ चुकलं.

गेल्या महिन्यात हेमांगी तांडेल आली.
दोन हजार एकचं लग्न, लालबागचा हॉल.
वडील गेले तिचे.
“आवाज असेल का त्यांचा कुठे?”
सीडीत नव्हता. सीडीत सनई होती,
मीच टाकलेली, सगळ्या बोलण्यावर,
भाडेकरू बदलला की भिंतीला चुना मारतात तशी.
मूळ टेप लावली. दुसरी.
चाळिसाव्या मिनिटाला चित्र फुटलं,
काकांचा चेहरा चौकोन चौकोन,
टोपी एकीकडे, हनुवटी भलतीकडे,
आणि त्यातून, सरळ लेन्सकडे बघून:
“व्हिडिओवाले, जे— —त का तुम्ही?”

तेवढंच.
अकरा वेळा ऐकलं तिनं. मी मोजत नव्हतो,
काउंटरचे आकडे समोरच असतात.
माझं उत्तर टेपेवर नाही.
शूटिंग चालू असताना कॅमेरामन बोलत नसतो.

यातलं मी मुस्तनसिरभाईंना काही सांगितलं नाही.
काय सांगणार, की टेपेनंच जपलं
आणि टेपेनंच खाल्लं, एकाच वाक्यात?
कार्ड असतं तर?
एकेक कार्ड अडीच हजाराला पडतं.
पुढल्या रविवारच्या लग्नासाठी मी ते पुसलंच असतं,
तांडेलकाकांसकट,
एकही चौकोन न फुटता.

कार्डाचा घेतला.
जुन्याचे एक्स्चेंजला दीड हजार लावत होते,
म्हटलं राहू दे,
चारशे तेरा जणींना वाचणारा कुणी लागेल.

परवा भांडुपला पहिलं काम झालं.
पंगतीत एका म्हातारीनं
पदरानं मान पुसत विचारलं, जेवलास का रे?
लाल दिवा चालू होता.
“नाही अजून,” मी म्हटलं, जरा मोठ्यानं,
माइकपर्यंत जाईल इतकं.

रात्री एडिटरचा फोन आला,
मधेच हा कोण बोलतोय,
कापू का?